राळेतला बुडबुडा ओतण्यापूर्वीच धरावा

बीडला आमच्या वस्तीत गेल्या तीन-चार वर्षांत एक नवा घरगुती धंदा शिरला आहे. काचेसारख्या पारदर्शक राळेच्या वस्तू करून विकण्याचा. कीचेन, नावाची पाटी, भिंतीवरचे घड्याळ, निळ्या रंगातले अशोकचक्र, राळेत बसवलेले पिंपळपान अशा वस्तू मुली घरी बसून करतात. त्या याला ‘रेझिन आर्ट’ म्हणतात. रेझिन म्हणजे राळ. बाबासाहेबांची जयंती, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या आधी मागणी वाढते. एरवी लग्न, वाढदिवस, नोकरीतल्या निवृत्तीचा निरोप समारंभ अशा किरकोळ ऑर्डरी येतात.

आम्ही कारकुनी करणारे, बी.कॉम. झालेले. हाताला कला नाही. परंतु वस्तीतल्या बचत गटाची वही लिहिण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजते ते कळले नाही तरी कोणाच्या धंद्यात काय मुरते ते आम्हाला कळते. हा धंदा कशाने बुडतो तेही वहीनेच दाखवले. गिऱ्हाईक नाही म्हणून तो बुडत नाही. तो बुडतो मोहरीएवढ्या बुडबुड्याने.

हिशेब सोपा आहे. समजा, एका कीचेनला राळ, कडी आणि रंग मिळून २५ रुपये लागतात आणि ते ६० रुपयांना जाते. दहा नग केले तर २५० रुपये घातले, ६०० आले, हातात ३५० राहिले. आता दहापैकी तीन नगांत बुडबुडे राहिले आणि ते परत आले. घातलेले २५० तेच. आले ४२०. हातात राहिले १७०. तीन नग बिघडले म्हणून तीस टक्के नुकसान झाले असे नाही, मिळकत निम्म्याच्याही खाली गेली. कॉलेजात आम्हाला शिकवले होते की तूट दोन प्रकारची असते, एक सर्वसाधारण आणि दुसरी असाधारण. कपाच्या तळाशी चिकटून राहिलेली राळ ही सर्वसाधारण तूट. ती टळत नाही, ती किमतीत धरावी. बुडबुड्याने गेलेला नग ही असाधारण तूट. तिचे कारण शोधावे लागते.

आणि हे कारण शोधणे आमच्या वस्तीला परवडणारी हौस नव्हे, ती गरज आहे. या मुलींपैकी काहींचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जातात. आपल्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात हे वाचकांना सांगायला नको. त्यातली एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील तोडीला गेले की ती घर सांभाळते आणि परीक्षेची फी व एस.टी.चा पास या कीचेनांतून भागवते. तिच्या दृष्टीने बुडबुडा म्हणजे फीच्या पैशातले भोक आहे.

राळ कशी घट्ट होते

राळ आपल्याला अगदीच नवी नाही. बांगडीची लाख ही किड्याने केलेली राळच. फुटलेली बादली जोडायला आपण दोन नळ्यांतले ॲरल्डाइट मिसळतो, ती एपॉक्सी जातीची राळ. मुली वापरतात तीही एपॉक्सीच, फक्त पातळ आणि पारदर्शक. एका बाटलीत राळ असते, दुसरीत हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण आतून गरम होते आणि काही तासांत घट्ट होते. ते पाण्यासारखे वाळत नाही, त्याचा पदार्थच बदलतो. म्हणून एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळवून दुरुस्त करता येत नाही. मिश्रण पातळ आहे तेवढ्या वेळात आतली हवा वर येऊन फुटली तर फुटली, नाही तर ती कायमची आत.

बुडबुड्याची ही कटकट फक्त आपल्या मुलींनाच नाही. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून राळ करू पाहणाऱ्या जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती फेसाळलेला, सच्छिद्र गोळाच येत असे आणि तो ते टाकून देत. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या संशोधकाने १९०७ साली अमेरिकेत त्यावर उपाय काढला. त्याने बंद भांड्यात दाबाखाली मिश्रण तापवले. दाबामुळे आतली वाफ फुगू शकली नाही आणि भरीव, टणक वस्तू मिळाली. १९०९ साली त्याला पेटंट मिळाले. तेच बॅकेलाईट. आपल्या जुन्या घरांतले बल्बचे काळे होल्डर आणि बटणे त्याची असत. म्हणजे प्लॅस्टिकचे युगच एका माणसाने बुडबुड्याचे कारण शोधले म्हणून उघडले.

बुडबुडा कोठे आहे ते पाहा

एका संध्याकाळी गटाच्या बैठकीत मुलींनी बिघडलेले सगळे नग चटईवर मांडले. प्रत्येकीचे म्हणणे वेगळे. एक म्हणाली, राळच हलकी. दुसरी म्हणाली, साचा खराब. आम्ही म्हटले, भांडण नको, ढीग लावा. ज्यांत बुडबुडे एकाच जागी आहेत ते एकीकडे, सगळीकडे आहेत ते दुसरीकडे. ढीग लागले आणि निम्मे कोडे तिथेच सुटले. तेव्हापासून मुलींनी वहीत एक रकाना वाढवला: ‘बुडबुडा कोठे?’ त्यातून जे निष्पन्न झाले ते वाचक भगिनींसाठी सविस्तर देतो.

साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे सगळीकडे सारखे पसरले असतील तर दोष ढवळण्यात आहे. ताक घुसळल्यासारखे ढवळले की हवा आत जाते. काडी तळाला टेकवून सावकाश, तीन ते पाच मिनिटे फिरवावी. कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावे, नाही तर न मिसळलेली राळ तशीच राहते आणि वस्तूवर चिकट डाग पडतात. नंतर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा थोडे फिरवावे आणि दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावे. वर आलेले बुडबुडे तिथेच फुटतात. मात्र कपात फार वेळ ठेवू नये. जास्त मिश्रण एका ठिकाणी साठले की ते आपल्याच उष्णतेने तापते, कधी त्यातून धूरही निघतो.

साच्याच्या कोपऱ्यात, अक्षराच्या टोकात, चक्राच्या आऱ्यांत पोकळी राहिली असेल तर दोष ओतण्यात आहे. आपण वरून भसकन ओततो आणि राळ कोपऱ्यातली हवा कोंडून टाकते. आधी थोडी राळ घेऊन दात कोरायच्या काडीने किंवा जुन्या ब्रशने कोपऱ्यांना लावून घ्यावी. मग एकाच जागेवरून, बारीक धारेने ओतावे आणि राळेला आपणहून पसरू द्यावे. धार जितकी बारीक तितके तिच्यातले बुडबुडे ताणून फुटतात.

आत बसवलेल्या वस्तूभोवती माळेसारखे बुडबुडे असतील तर राळ निर्दोष आहे. हवा त्या वस्तूतूनच येते आहे. लाकूड, कागद, कापड, वाळलेले फूल, पान ही सगळी आतून पोकळ असतात. पिंपळपान नुसते बुडवले तर देठातून आणि शिरांतून तासभर हवा निघत राहते. पान आधी पुस्तकात दाबून पुरते वाळवावे. मग दोन्ही बाजूंना ब्रशने राळेचा पातळ हात द्यावा, तो घट्ट होऊ द्यावा आणि नंतरच साच्यात ठेवावे. कोणी आपल्या बीडच्या सीताफळाचे काळे बी कीचेनमध्ये घालते. या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना ती भेट आवडते. पण बी धुतल्यावर पुरते वाळलेले पाहिजे. ओल राहिली तर राळ तिथे धुरकट होते.

आणि चौथा प्रकार: मधोमध मोठे फुगे, पिवळट झाक आणि कधी तडाही. हे खोलीचे किंवा ओतण्याच्या जाडीचे काम. बाटलीवर एका वेळी किती जाडी ओतायची ते लिहिलेले असते. पातळ थराची राळ जाड ओतली तर ती आत उकळल्यासारखी होते. दोन थरांत ओतावे. पहिला थर बोटाला चिकट लागतो पण बोटाला येत नाही, अशा वेळी दुसरा ओतला की दोन्ही एकजीव होतात.

प्रमाणाबद्दल एक सांगतो, कारण येथे बऱ्याच जणींची फसगत होते. बाटलीवर प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, ते आधी वाचावे. राळ हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे वजनाचे तीनास एक आणि मापाचे तीनास एक हे सारखे नव्हेत. छोटा डिजिटल काटा घ्यावा. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर घट्ट होते हा समज एपॉक्सीत चालत नाही. उलट वस्तू मऊ आणि चिकट राहते.

आपला उन्हाळा, आपली थंडी

मोबाईलवरच्या व्हिडिओत जे दाखवतात ते बहुधा गार-गरम यंत्र लावलेल्या खोलीत. आपल्या पत्र्याच्या खोलीत तसे चालत नाही. एपॉक्सीला साधारण २४ ते २८ अंशांची हवा मानवते. आपली मोठी ऑर्डर मात्र जयंतीच्या आधी, म्हणजे बीडच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना. राळ तेव्हा पाण्यासारखी पातळ होते, बुडबुडे भराभर वर येतात, पण ती घट्टही भराभर होते. अर्धे बुडबुडे वाटेतच अडकतात. थंडीत उलटे. राळ मधासारखी दाट होते, वेळ भरपूर मिळतो, पण बुडबुड्याला वर यायला जोर नसतो. पावसाळ्यात हवेत दमट असते, पृष्ठभागावर चिकट, मेणचट थर येतो.

मुलींनी यावर जे बसवले ते असे. एप्रिलमध्ये काम पहाटे, थोडे थोडे मिसळायचे, एका वेळी चार-पाच नगांपुरतेच. थंडीत राळेची झाकण घट्ट लावलेली बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात उभी ठेवायची, पुसून कोरडी करायची, मग उघडायची. पाण्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. पावसाळ्यात साचे आणि आत घालायच्या वस्तू आदल्या दिवशी उन्हात किंवा बल्बखाली कोरड्या करायच्या. आणि लाकडाच्या वस्तू कधीही चढत्या उन्हात करायच्या नाहीत. लाकूड तापत असताना आतली हवा बाहेर टाकते, थंड होत असताना आत ओढते. म्हणून लाकूड दुपारी उन्हात तापवावे, सावलीत आणावे आणि ते निवत असताना राळेचा पहिला हात द्यावा. मग ते बुडबुडे सोडण्याऐवजी राळच पिते.

एक कोयत्याची मूठ

या सगळ्या शिकण्याची खरी परीक्षा गेल्या हिवाळ्यात झाली. वस्तीतल्या एक आजी कापडात गुंडाळून एक कोयत्याची मूठ घेऊन आल्या. पाते केव्हाच झिजून गेलेले. त्यांचे मालक त्याच मुठीवर कितीतरी हंगाम ऊस तोडत होते आणि त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. वर्षश्राद्ध आपल्याकडे नाही, पण स्मृतिदिनाला फोटोशेजारी ही मूठ काचेत बसवून ठेवावी असे आजींच्या मनात. बी.एस्सी.वालीने मूठ हातात घेतली आणि गप्प झाली. बाभळीचे जुने लाकूड, घामाने आणि तेलाने काळे पडलेले, आणि एका टोकाला पात्याचे शेपूट बसायचे खोल भोक.

आजी म्हणाल्या, “लेकरा, एकच हाय ही. बिघडली तर दुसरी कुठून आणू?”

कीचेन बिघडले तर २५ रुपये जातात. ही मूठ बिघडली तर काय जाईल त्याला आमच्या वहीत रकाना नव्हता. मुलगी म्हणाली, “आजी, आठ दिवस द्या मला. आधी दुसऱ्या मुठीवर करून बघते.” वस्तीत तुटक्या कोयत्याला तोटा नाही. तिने दोन जुन्या मुठी मागून आणल्या. एक तशीच राळेत ठेवली. रात्रभर तिच्यातून हवा निघत राहिली आणि सकाळी मुठीभोवती फेसाचा पट्टा घट्ट झालेला. दुसरीचे तेल तिने आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढले, ऊन दाखवले, सावलीत निवताना पातळ हात दिला, तो घट्ट झाल्यावर दुसरा दिला. भोकाचे तोंड वर करून सिरींजने तळापासून राळ भरत आणली. वरून भरले असते तर भोकातली हवा कोंडली असती आणि नंतर मोठा फुगा होऊन बाहेर आली असती. ही दुसरी मूठ स्वच्छ निघाली.

मग तिने आजींना एक प्रश्न विचारला, जो आम्हाला सुचला नसता. “आजी, पूर्ण आत घातली तर हात लागणार नाही हो तिला. चालेल?”

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हात तर लागाया पाहिजे, बाई.”

तेव्हा ठरले की भोकाचे टोक तेवढे राळेत उभे करायचे आणि धरायची बाजू मोकळी ठेवायची. फोटो मूळ घातला नाही. कागद राळेत भिजला की अर्धपारदर्शक होतो, म्हणून फोटोची प्रत काढली, दोन्ही बाजूंनी पारदर्शक पट्टी लावून कडा बंद केल्या आणि मागच्या बाजूस उभी केली. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. एकुलता एक फोटो, जुने पत्र, दीक्षेच्या वेळची आठवण असलेला कागद कोणीही राळेत घालू नये. प्रत घालावी, मूळ पेटीत ठेवावे.

एवढे करूनही साच्यातून काढल्यावर पाठीमागे मुठीला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढी एक पोकळी राहिली होती. ती कशी बुजवली ते आता सांगतो.

राहिलाच तर कसा बुजवावा

ओतल्यानंतर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वर आलेला बुडबुडा सुईने किंवा काडीने फोडता येतो. हीट गन असेल तर ती लांबून, हलती ठेवून क्षणभर फिरवावी. एका जागी धरली तर राळ जळते, तिच्यावर खड्डे पडतात आणि सिलिकॉनचा साचाही खराब होतो. गॅसची पेटती ज्योत सिलिकॉनच्या साच्यावर कधीच नको. काही व्हिडिओत वरून स्पिरिट फवारतात. जेथे स्पिरिट फवारले तेथे ज्योत किंवा चूल असता कामा नये.

राळ घट्ट होऊ लागली की हात काढून घ्यावा. अर्धवट घट्ट राळेत काडी घातली तर बुडबुडा निघत नाही, ओरखडा मात्र राहतो. झाकण ठेवून धुळीपासून जपावे आणि पुरते घट्ट झाल्यावर दुरुस्ती करावी.

पृष्ठभागावरचे बारीक भोक तसेच भरू नये. त्याचे तोंड अरुंद असते, आत पुन्हा हवा कोंडते. सुईने किंवा बारीक ड्रिलने ते आधी थोडे मोठे करावे, भुकटी झटकावी, स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. मग त्याच राळेचा थेंब काडीच्या टोकाने तळापासून भरावा, किंचित उंच राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी ओल्या वॉटरपेपरने घासावे, आधी ४००, मग ८००, मग १५००, मग २००० नंबर. कडेला तुकडा उडाला असेल तर चिकटपट्टीचा बांध घालून भरावे. घासल्यावर वस्तू पांढुरकी दिसते म्हणून घाबरू नये. शेवटचा पातळ हात दिला की नवी राळ ओरखड्यांत भरते आणि ते दिसेनासे होतात.

पोकळी आत खोल असेल तर पाठीमागून दोन बारीक भोके पाडावी, एक राळ आत जायला आणि एक हवा बाहेर यायला. एकच भोक पाडले तर हवेला वाट राहत नाही आणि राळ आत उतरत नाही. सिरींजने एका भोकातून सावकाश भरावे, दुसऱ्यातून राळ बाहेर दिसली की थांबावे. आजींच्या मुठीमागची पोकळी मुलीने अशीच बुजवली. नीट पाहिले तर तिथे एक फिकट खूण दिसते. मुलीने ती आजींना बोट लावून दाखवली आणि मग वस्तू दिली.

ही दोन भोकांची युक्ती पुतळे ओतणाऱ्यांची जुनी आहे. धातूचा रस साच्यात ओततात तेव्हा रसाच्या वाटेबरोबर हवेच्याही वाटा ठेवाव्या लागतात. १९६७ साली संसदेच्या आवारात बसवलेला, शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा असो की घरातली लहानशी बुद्धमूर्ती, ओतकामात हवेला वाट दिली नाही तर ती पोकळी करून बसते.

आजकाल वस्त्यांतून आणि विहारांतून फायबरचे पुतळे बसवतात. ते दुसऱ्या जातीच्या, पॉलिएस्टर राळेचे असतात. साच्यात आधी राळेचा एक गुळगुळीत थर लावतात, त्यामागे काचतंतूंचे कापड राळेत भिजवून रोलरने दाबतात. रोलर नीट फिरला नाही तर थरामागे हवा राहते. नवा असताना पुतळा सुंदर दिसतो. दोन-तीन उन्हाळे खाल्ले की ती जागा फुगते आणि कवच फुटते. म्हणून विहार समितीच्या कार्यकर्त्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक रुपयाचे नाणे घेऊन पुतळा सगळीकडून वाजवून पाहावा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बदबद येतो. चष्म्याची कड, कान, बोटे, कोटाची कॉलर, पुस्तकाचा कोपरा येथे आवर्जून पाहावे. तिथेच हवा अडकते. खूण करून कारागिराकडून तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे. वर्गणीचा पैसा घामाचा असतो.

बुडबुड्यापेक्षा माणूस मोठा

बुडबुड्याच्या मागे लागून मुली काय काय करतात ते पाहून आमच्या मनाला घोर लागतो. दहा बाय बाराची खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच लहान भावंड झोपलेले आणि त्यातच राळ. दार-खिडकी उघडी ठेवली तर धूळ बसते म्हणून बंद करतात. हे करू नये. धुळीसाठी वस्तूवर खोके पालथे घालावे, खोली मोकळीच ठेवावी. हातमोजे घालावे. राळ किंवा हार्डनर कातडीला वारंवार लागला तर काहींना अशी ॲलर्जी जडते की पुढे आयुष्यभर थोडासा स्पर्शही सोसत नाही. मग धंदाच सोडावा लागतो. हाताला लागले तर साबण-पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. घासकाम नेहमी ओले करावे, म्हणजे भुकटी छातीत जात नाही.

मोठे कारखाने बुडबुड्यासाठी दोन यंत्रे वापरतात. एकात हवा ओढून घेतात, तेव्हा बुडबुडे फुगून वर येतात आणि फुटतात. दुसऱ्यात दाब देऊन बुडबुडे इतके दाबतात की दिसतच नाहीत. ही यंत्रे पाहून कोणी घरच्या कुकरला पंप जोडण्याचे धाडस करतात. वाचक बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे की असे मुळीच करू नका. कुकर त्यासाठी केलेला नाही. तो फुटला तर कीचेन नव्हे, डोळे जातील. तसेच दुकानात ‘रेझिन’ एवढेच सांगून पॉलिएस्टर राळ घेऊ नये. तिला उग्र वास असतो आणि तिचे दोन पूरक पदार्थ, म्हणजे प्रवेगक आणि उत्प्रेरक, एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. ते काम शिकलेल्या कारागिराचे, मोकळ्या शेडमध्ये करायचे.

आमच्या गटाची वही आता चार रकान्यांची झाली आहे. तारीख आणि वेळ, हवा कशी होती, आत काय घातले, बुडबुडा कोठे. मुली स्वतःच भरतात. नग पूर्वीसारखे बिघडत नाहीत. अगदी बंद झाले असे म्हणणार नाही, पण जे बिघडतात त्यांचे कारण त्याच दिवशी सापडते. दोष राहिलेला नग गिऱ्हाइकाला सांगून कमी भावात द्यायचा, लपवून पूर्ण भावात नाही, हेही मुलींनीच बैठकीत ठरवले. बी.एस्सी.वालीने या सत्राची फी भरली. आजींनी मूठ फोटोशेजारी ठेवली आहे आणि येता-जाता तिला हात लावतात.

ज्या भगिनी असे काम करत असतील त्यांनी पहिली ऑर्डर घेण्यापूर्वी पाच रुपयांची एक वही घ्यावी. चार जणींनी मिळून राळेचा मोठा डबा आणला तर भावही कमी पडतो, पण तो तारीख पाहून घ्यावा आणि झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा. जवळच्या वस्तीत कोणी नव्याने शिकत असेल तर तिला आपली वही दाखवावी. आमच्या मुलींना त्या रकान्यांत जे सापडायला दोन हंगाम लागले, ते तिला एका दुपारी मिळेल.